इंजिनात दडून बसलेली हवा

मे महिन्याची सुट्टी लागली की गाड्या भरभरून माणसं गावाला निघतात. कसारा घाट घ्या, खंबाटकी घाट घ्या, नाहीतर आंबा घाट घ्या. चढ संपत आला की रस्त्याच्या कडेला एखादी तरी मोटार बॉनेट उघडून उभी असलेली दिसतेच. आतून वाफा येत असतात. मोठी माणसं कपाळाला हात लावून उभी असतात, आणि मुलं मात्र करवंदाच्या जाळ्या शोधत मजेत हिंडत असतात. काय झालं म्हणून विचारलं, तर उत्तर एकच: "गाडी तापली!"

गाडीत पाणीच नसेल तर ती तापणार, यात नवल नाही. पण कधी कधी गंमत अशी होते, की गाडीचं पाणी आदल्याच दिवशी गॅरेजमध्ये बदललेलं असतं. जुनं सगळं काढून नवं, अगदी काठोकाठ भरलेलं असतं. कुठे गळतीही नसते. तरी घाटात गाडी तापते! मग ते पाणी गेलं कुठे?

मुलांनो, ते पाणी कुठेच गेलं नाही. ते पुरतं भरलंच नव्हतं. वरून पाहिलं तर काठोकाठ, पण आत कुठेतरी एका कोपऱ्यात हवा दडून बसलेली होती. तिने अडवलेली जागा पाण्याला मिळालीच नाही. ही हवा आत कशी राहते, राहिली तर काय करते आणि तिला बाहेर कसं काढतात, ते आज पाहू या.

इंजिनाला तहान का लागते?

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं. जळताना आतल्या वायूंचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. आजकालच्या बहुतेक मोटारींच्या इंजिनाचा वरचा भाग, ज्याला 'हेड' म्हणतात, तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो. आणि अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना! म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं पातेलं ज्या धातूचं, त्याच धातूच्या आत ही भट्टी पेटलेली असते.

ढोबळ हिशेब असा, की जळलेल्या इंधनातून जेवढी उष्णता निघते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकं फिरवायच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते, आणि ती सतत काढून घेत राहावं लागतं. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पातळ पातळ पट्ट्या असतात, त्या याचसाठी. त्या पट्ट्यांवरून वारा जातो आणि इंजिन गार होतं. मोटारीचं इंजिन मोठं, शिवाय बॉनेटखाली झाकलेलं. तिथे नुसत्या वाऱ्याने भागत नाही. तिथे पाणी लागतं.

इंजिनाच्या भिंती आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून पाणी वाहतं आणि उष्णता उचलतं. एक छोटा पंप हे पाणी ढकलत असतो. तापलेलं पाणी वरच्या जाड रबरी नळीतून, म्हणजे होजमधून, पुढच्या बाजूला रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक चपट्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची जाळी. समोरून वारा येतो, तो कमी पडला तर मागचा पंखा फिरतो, आणि पाणी गार होऊन खालच्या होजमधून पुन्हा इंजिनात शिरतं. लहान मोटारीत असं साधारण चार-पाच लिटर पाणी अखंड फिरत असतं.

या वाटेवर एक दारवान बसलेला असतो. त्याचं नाव थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'व्हॉल' म्हणतात. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की वाट उघडतो. याला ना वीज लागते, ना कुणाचा हुकूम. त्याच्या पोटात मेण असतं! मेण वितळताना फुगतं. साच्यात ओतलेली मेणबत्ती थिजली की तिच्या मध्यभागी खळगा पडतो, पाहिलाय ना? थिजताना मेण आकसतं, म्हणून तो पडतो. थर्मोस्टॅटमधलं मेण याच्या उलट करतं. ते फुगून एक दांडी रेटतं आणि झडप उघडते. काही ठिकाणी गाडी तापायला लागली की हा व्हॉलच काढून टाकतात. मला तो इलाज मुळीच पटत नाही. मग इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, आणि तापण्याचं खरं कारण तसंच राहतं.

झाकण आलं आणि भानगड झाली

पहिल्या मोटारींना हवेचा हा त्रास फारसा नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई आपल्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. बरोबर ऑयगेन आणि रिशार्ड हे दोन मुलगे. एका दमात इतका लांबचा, शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास मोटारीने तोवर कोणी केला नव्हता. त्या गाडीत पाणी होतं, पण ते उकळून वाफ होऊन उडून जायचं. म्हणून वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबून भरावं लागायचं. ही कटकट खरी, पण सगळं उघडंच असल्यामुळे हवा आत कोंडली जाण्याचा प्रश्न नव्हता.

आताच्या मोटारीत पाण्याची वाट चोहीकडून बंद असते. रेडिएटरच्या झाकणाला आतून स्प्रिंग असते आणि ते झाकण पाण्यावर साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतं. म्हणजे थेट आईचा प्रेशर कुकर! उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंच, तिथे तर ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. पण कुकरसारखा दाब असेल तर पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. घाट चढताना पाणी शंभरीच्या पुढे गेलं तरी वाफ होत नाही, ती या झाकणाची कृपा.

आणि म्हणूनच एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. तुम्ही नाही, आणि तुमच्या देखत दुसऱ्या कोणालाही उघडू द्यायचं नाही. आत ११० अंशांचं पाणी आहे असं समजा. झाकण सैल होताच दाब एकदम उतरतो, आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून कारंजासारखं तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी फडकं काय करणार? कुकरची वाफ जिरल्याशिवाय आई झाकण काढते का? तसंच हे. इंजिन बंद करून तासभर तरी थांबायचं आणि होज हाताला पुरता गार लागला तरच झाकणाला हात लावायचा. कुणी भाजलंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. घाटात नळ नसतो हे खरं, म्हणून गाडीत दोन-तीन बाटल्या साधं पाणी ठेवलेलं बरं.

हवा धरते म्हणजे काय?

आता हवेकडे येऊ. अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळं घट्ट बसवून तेल ओतून पाहिलंय? थोडं तेल आत जातं आणि मग अडतं. नरसाळं भरलेलं, बाटली अर्धी रिकामी, पण तेल हलत नाही. आजी म्हणते, "अरे, नरसाळं जरा वर उचल!" उचललं की बाजूने हवा सुटते आणि तेल धडाधड आत जातं. बाटली रिकामी कुठे होती? ती हवेने भरलेली होती. आधीच्या बिऱ्हाडाने जागा सोडल्याशिवाय नवं बिऱ्हाड आत येणार कसं?

शेतकऱ्याच्या घरची मुलं तर हे आणखी चांगलं ओळखतात. विहिरीवरची मोटार चालू केली, ती घूं घूं करत फिरते आहे, पण पाइपातून पाणी येत नाही. काका म्हणतात, "पंपाने हवा धरली." मग पंपात वरून पाणी ओतून आधी हवा घालवावी लागते. कारण पंपाचं चक्र पाण्याला भिरकावून पुढे ढकलतं. पाणी जड असतं, त्यामुळे त्याला नेट मिळतो. हवेला भिरकावून काय होणार? लांब पाइपलाइन चढउतारावरून नेली असेल, तर उंचवट्यावर हवा सोडायला एक छोटी झडप बसवतात, ती पण याचसाठी. दवाखान्यात सलाइन लावण्याआधी सिस्टर नळीतून थोडं पाणी वाहून जाऊ देतात ना? नळीतले बुडबुडे आधी बाहेर काढायचे, मगच सुई जोडायची.

मोटारीच्या पोटातली पाण्याची वाट काही सरळ नसते. ती इंजिनात चढते, हेडमधल्या बोळांतून वळसे घेते, हीटर असेल तर डॅशबोर्डच्या मागे जाऊन परत येते, आणि पुन्हा रेडिएटरच्या तळाशी उतरते. हवा हलकी, ती नेहमी उंच जागा शोधते. जिथे जिथे वाट वर चढून पुन्हा खाली उतरते, तिथे तिथे उंचवट्याखाली हवेला बसायला कोनाडा मिळतो. आपण रेडिएटरच्या तोंडातून भसाभसा पाणी ओतलं, की ते खालून चढतं, दोन्ही बाजूंनी कोनाड्याची वाट अडवतं, आणि हवा मध्ये सापडते. त्यातून दारवान थर्मोस्टॅट गार असल्यामुळे दार लावून बसलेला! पाणी तोंडाशी येतं, आपण म्हणतो भरलं.

खरं वाटत नसेल तर हा प्रयोग करा. गवंडी लोक लेव्हल बघायला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वापरतात. तशी करंगळीपेक्षा बारीक नळी तीन मीटर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एका टोकाला छोटं नरसाळं घट्ट बसवा आणि ते टोक जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच बांधा. तिथून नळी जमिनीपर्यंत खाली आणा, मग एका खुर्चीच्या पाठीवर ६० सेंटिमीटरपर्यंत चढवा, पलीकडे पुन्हा जमिनीपर्यंत उतरवा आणि मोकळं टोक परत ६० सेंटिमीटरवर बांधा. इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार झाला पाहिजे. आता रंगीत पाणी हळूहळू, बारीक धारेने ओता. पाणी पहिला झोका भरतं, खुर्चीचा उंचवटा ओलांडतं, पलीकडे ओघळतं... आणि थबकतं! नरसाळं भरलेलं आहे, मोकळ्या टोकापेक्षा ते वीतभर उंच आहे, तरी टोकातून थेंब पडत नाही. उंचवट्याच्या पलीकडच्या उतारात हवेचा लांबलचक खांब अडकलेला तुम्हाला स्पष्ट दिसेल. नरसाळ्यातल्या पाण्याचं वजन तो खांब रेटायला पुरत नाही.

आता मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, अगदी उंचवट्याच्या माथ्यावर नळीला टाचणीने एक भोक पाडा. फुस्स! हवा निघून जाते आणि मोकळ्या टोकातून पाणी वाहायला लागतं. भोकातून पाणी आलं की त्यावर बोट दाबायचं. कितीतरी मोटारींच्या इंजिनावर अगदी असंच एक भोक असतं, आणि बोटाऐवजी त्याला एक छोटा स्क्रू असतो. त्याला म्हणतात ब्लीड स्क्रू.

एवढीशी हवा, एवढा मोठा घोटाळा

आत वाटीभर हवा राहिली तर बिघडलं कुठे? पाहा. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला साधी हवा साधारण साडेतीन हजार लिटर लागेल. म्हणजे जिथे हवेचा बुडबुडा बसला, तिथला धातू जवळजवळ उघडाच पडला म्हणायचा. तो भलताच तापतो. शेजारचं पाणी त्याला टेकलं की त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या शेकडो पट जागा मागते. ती उरलेलं पाणी झाकणातून बाहेर ढकलते. पाणी आणखी कमी, ताप आणखी जास्त, असं चक्र सुरू होतं.

दुसरी गोष्ट याहून लबाड आहे. डॅशबोर्डवर तापमान दाखवणारा काटा असतो. त्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असायला हवा. तो जर हवेच्या बुडबुड्यात सापडला तर त्याला पाण्याचं तापमान कळणार कसं? इंजिन भाजून निघत असतं आणि काटा मात्र शांत! किंवा मग उगीच वरखाली नाचत असतो. थर्मोस्टॅटचंही तेच. त्याच्याभोवती हवा असेल तर मेण वेळेवर वितळत नाही आणि दार उशिरा उघडतं. बुडबुडा पंपात शिरला तर विहिरीवरच्या पंपासारखीच गत होते, चक्र फिरतं आणि पाणी जागच्या जागी.

शेवटी अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. हेड आणि खालचा भाग यांच्यामध्ये जे पातळ गॅस्केट असतं ते फाटतं. "हेड गॅस्केट गेलं" असं मिस्त्री म्हणाले की घरातल्या मोठ्यांचे चेहरे पाहा! अख्खं इंजिन उघडावं लागतं, सुट्टी जाते, आणि खर्च किती येतो ते बाबांनाच विचारा.

मिस्त्रींचं काम पाहताना

आमच्या शाळेजवळच्या गॅरेजमध्ये मी हे काम एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं. मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम असेल. पण चांगले दोन तास गेले.

गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे इंजिन गारढोण. मिस्त्रींनी गाडीची पुढची चाकं उतरत्या लोखंडी फळ्यांवर चढवली आणि मागच्या चाकांना ठोकळे लावले. गाडीचं नाक वर! "का हो?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "बाई, हवा वर जाते. मग पाणी ओतायचं तोंडच सगळ्यात वर नको का?" किती सोपं! नळीच्या प्रयोगात नरसाळं उंच बांधलं तसंच.

जुनं पाणी खालच्या प्लगमधून पसरट भांड्यात काढलं. ते हिरवट होतं, कारण मोटारीत नुसतं पाणी नसतं. त्यात कूलंट मिसळलेलं असतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला तर त्या बुजतील. म्हणून क्षार काढलेलं पाणी आणि कूलंट बऱ्याचदा निम्मं-निम्मं मिसळून भरतात. कूलंट गंज धरू देत नाही. शिवाय निम्मं-निम्मं मिश्रण शून्याखाली साधारण ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुण्या-नागपूरला याचा काय उपयोग म्हणाल, पण लडाखच्या हिवाळ्यात नुसतं पाणी गोठून फुगलं तर इंजिनच फुटेल.

भांड्यात पाणी काढून होताच मिस्त्रींनी ते लगेच झाकणाच्या डब्यात ओतलं आणि फरशीवर सांडलेलं फडक्याने पुसलं. गॅरेजमधल्या कुत्र्यासाठी ही काळजी! बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जहरी विषारी. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. रंग पाहून सरबत समजण्याचा धोका लहान मुलांनाही आहे. तेव्हा पालकांनो, उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका.

मग भरणं सुरू झालं. मिस्त्रींनी गाडीच्या हीटरची कळ पूर्ण 'गरम'वर नेली, म्हणजे हीटरकडची वाट उघडी राहील आणि तिथली हवाही सुटेल. ब्लीड स्क्रू सैल केला. रेडिएटरच्या तोंडावर एक उंच नरसाळं घट्ट बसवलं आणि अगदी बारीक धार धरली. मधूनमधून थांबत होते. थांबलं की नरसाळ्यात बुडबुड करत हवा वर यायची. ब्लीड स्क्रूजवळ आधी नुसता फुसफुस आवाज, मग फेस, मग बुडबुड्यांसकट पाणी, आणि शेवटी अखंड धार आली. तेव्हा कुठे त्यांनी स्क्रू आवळला. मग वरचा होज हाताने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. दर वेळी एखादा बुडबुडा वर यायचा. बाळाला दूध पाजल्यावर पाठीवर थोपटून ढेकर काढतात ना, अगदी तस्सं!

"मी घाई केली तर पंधरा मिनिटांत गाडी सोडीन," मिस्त्री म्हणाले, "पण मग ती घाटातून मलाच फोन करील."

थर्मोस्टॅट बदलतानाची एक गंमतही त्यांनी दाखवली. त्याच्या चकतीला एक बारीकसं भोक असतं आणि त्यात एक सैल खिळा लोंबत असतो. पाणी भरताना या भोकातून हवा सटकते. इंजिन चालू झालं की पंपाच्या जोराने खिळा भोकावर दाबला जाऊन ते बंद होतं. मात्र बसवताना हा खिळा वरच्या बाजूला यायला हवा. खाली आला तर हवेला ते भोक सापडणारच नाही.

आता इंजिन चालू केलं. या गाडीत ते नरसाळं लावून, झाकणाशिवाय चालवतात, पण प्रत्येक गाडीत असं चालत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात जी पद्धत दिली असेल तीच पाळायची. दहा-बारा मिनिटं काही झालं नाही. मग एकाएकी नरसाळ्यातलं पाणी गुडुप करून खाली गेलं आणि पाठोपाठ हा एवढा मोठा बुडबुडा! मेण वितळलं होतं, दारवानाने दार उघडलं होतं. मिस्त्रींनी आणखी पाणी घातलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. दोनदा पंखा फिरून गेल्यावर आणि बुडबुडे येणं थांबल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पुरतं गार होऊ दिलं, आणि मगच झाकण लावलं.

बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतही दोन खुणांच्या मध्ये कूलंट भरलं. या बाटलीचं काम मजेदार आहे. गरम होऊन फुगलेलं पाणी झाकणातल्या झडपेतून बाटलीत येतं आणि गार झालं की रेडिएटर ते परत ओढून घेतो. पण बाटलीतल्या नळीचं टोक पाण्यात बुडलेलं असेल तरच! पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली तर रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि एवढी मेहनत पाण्यात. काही गाड्यांत ही बाटलीच सगळ्यात उंच बसवलेली असते आणि दाब धरणारं झाकणही तिलाच असतं. तिथे रेडिएटरला वेगळं तोंड नसतं. हवा आपोआप बाटलीत जमते.

मोठ्या गॅरेजमध्ये याहून वेगळी युक्ती करतात. आधी सगळी हवाच बाहेर ओढून घ्यायची! एक यंत्र रेडिएटरच्या तोंडावर लावतात आणि आत निर्वात करतात. होज आत खेचले जाऊन चपटे होतात. यंत्राचा काटा काही मिनिटं हलला नाही तर कुठे गळती नाही हेही कळतं. मग कूलंटच्या डब्यात बुडवलेल्या नळीची कळ उघडायची. स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं कूलंट सरसर आत जातं. त्याला ढकलतो कोण? तर डब्यावर दाबून बसलेली आपल्या भोवतालची हवा! आतली हवा अडवते आणि बाहेरची मदत करते.

मागच्या सीटवरचे पहारेकरी

आता तुमचं काम. गाडीचं पाणी बदललं असेल तर पुढचे दोन-चार दिवस कान उघडे ठेवा. गाडी सुरू होताच डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू येते का? हीटर लावूनही गार वारा येतो का? तापमानाचा काटा नाचतो का? असं काही असेल तर आत अजून हवा आहे, हे मोठ्यांना सांगा. रोज सकाळी, गाडी गार असताना, बाटलीची पातळी पाहा. पहिल्या एक-दोन दिवसांत ती बोटभर उतरली तर घाबरू नका. राहिलेला एखादा बुडबुडा निघाला आणि त्याची जागा कूलंटने घेतली, एवढंच. पण ती रोजच उतरत राहिली तर मात्र कुठेतरी गळती आहे.

आणि घाटात काटा लाल खुणेकडे निघालाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि गाडी सुरक्षित जागी बाजूला. हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते. मे महिन्यात आत बसणारे घामाघूम होतील, पण गॅस्केट वाचेल. मग इंजिन बंद करायचं आणि करवंदं खात बसायचं.

हे सगळं वर्गात सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, विजेच्या गाडीत तर इंजिनच नसतं. मग तिला पाणी कशाला?" प्रश्न छान आहे. तिथे पेट्रोल जळत नाही हे खरं. पण भराभर चार्ज करताना आणि चढ चढताना बॅटरी तापते, मोटरही तापते, आणि फार तापलेली बॅटरी लवकर खराब होते. म्हणून अनेक विजेच्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या आतून-बाजूने बारीक नळ्या फिरवलेल्या असतात, छोटा पंप असतो, पुढे रेडिएटरही असतो. त्या नळ्यांत कूलंट भरतानाही आधी हवा काढावीच लागते.